सोन्याचा वर्ख आणि वसईचा दगड : जुन्या गोव्यातल्या एका चर्चमध्ये

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला असा, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं चर्चमध्ये काय काम? दुसरा खास नागपूरचा. एकाने फोनवर विचारलं, 'सर, आपल्या सदरकडे सेंट फ्रान्सिसचं कॅथेड्रल आहे, गोव्याला ज्यांचं शव ठेवलंय ते हेच का?'

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकू. हे नव्हेत. आपल्या नागपूरचे ते फ्रान्सिस डी सेल्स. जन्म १५६७. ते जिनिव्हाचे बिशप होते, पण जिनिव्हा शहर तेव्हा कॅल्विनच्या अनुयायांच्या ताब्यात होतं, म्हणून त्यांना कारभार आनसी नावाच्या गावातून करावा लागला. त्यांच्या नावाने निघालेल्या संघाचे पाद्री पुढे तिकडून आपल्याकडे आले, आणि १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. गोव्याचे ते फ्रान्सिस झेवियर. त्यांचा मृत्यू १५५२चा, म्हणजे आपले फ्रान्सिस जन्मायच्या पंधरा वर्षं आधीचा. हे १५६७ साल मात्र तेवढं लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढं सोपं नाही. एखादी वस्तू सुंदर आहे हे डोळ्यांना दिसतं. ती कुणी केली, कुणाच्या पैशाने केली, तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं हे मग कळतं. ते कळल्यावर ती वस्तू तेवढीच सुंदर राहते का? हा प्रश्न आम्ही वर्गात कितीतरी वर्षं शिकवला. पण तो आम्हाला खरा भेटला जुन्या गोव्यात, एका चर्चच्या दारात, आणि तोही एका मित्रामुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण, म्हणजे तीन निवृत्त मास्तर आणि तिघांच्या सौभाग्यवती, नागपूरहून गोव्याला गेलो. मडगावला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं गोवं. आमच्यातले एक रसायनशास्त्राचे. त्यांचे आजोबा मध्यप्रांतात नोकरीसाठी आले आणि घराणं नागपूरचंच झालं. भाषा आमच्यासारखी, जेवण जवळपास आमच्यासारखं, फक्त कुलदैवत गोव्यात. बासिलिका ऑफ बॉम जेझूसच्या पुढ्यात आम्ही उभे राहिलो आणि ते एका झाडाच्या सावलीत बसकण मारून म्हणाले, 'तुम्ही जाऊन या. आम्ही इथेच बसतो.'

'काय झालं सर? गुडघे?'

'गुडघे ठीक आहेत. आमची देवी केळशीला होती.'

एवढंच म्हणाले. त्यांच्या सौभाग्यवती आमच्याबरोबर आत आल्या. हे बसून राहिले.

आता ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केळशी हे साष्टीतलं गाव. शांतादुर्गेचं मूळ ठाणं तिथे. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडण्याची मोहीम झाली. राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉड्रिग्ज याच्या देखरेखीखाली सुमारे २८० देवळं पाडली गेली, जाळली गेली. तिसवाडी बेटावरची तर १५४० पासूनच गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा, या देवता भक्तांनी नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे नेल्या. तिथे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. तिथे विजापूरच्या आदिलशहाचं होतं. आपल्या कुलदेवता सुलतानाच्या मुलखात सुरक्षित राहिल्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत आली तरी पुष्कळ होईल.

तर मित्र बाहेर बसले, आणि आम्हीही लगेच आत गेलो नाही. बाहेरूनच बघण्यासारखं बरंच होतं.

ही वास्तू तांबडी दिसते. जांभा दगड उघडा. फोटोतही तशीच असते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की चारशे वर्षं ती अशीच आहे. तसं नाही. मूळ वास्तूला गिलावा होता, ती पांढरी होती. १९५०च्या दशकात जीर्णोद्धार करताना तो गिलावा खरवडून काढला. आतला दगड दिसला म्हणजे वास्तू जास्त प्राचीन वाटते, अशी तेव्हाची समजूत. म्हणजे आपण ज्याला 'जुनं रूप' म्हणून हात जोडतो ते आमच्या वयापेक्षाही लहान आहे. आणि जांभा हा भुसभुशीत, कोकणातला पाऊस तो झिजवत असतो. पुन्हा गिलावा करावा की लोकांना आवडणारा तांबडा रंग ठेवावा, यावर वाद चालू आहे. आमचं मत विचाराल तर गिलावा करावा. दगडाला कातडी हवी. पण पर्यटकांना ते पटणं कठीण.

दर्शनी भागात मात्र जांभ्यावर काळा दगड बसवलेला आहे. खांब, चौकटी, वर्तुळाकार खिडक्या, कोरीव पट्ट्या. अगदी वर मधोमध आय-एच-एस ही अक्षरं, येशूच्या ग्रीक नावातली पहिली तीन. जेझुइटांचं ते बोधचिन्ह. हा काळा दगड गोव्याचा नाही. तो वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती आणि तिथे बेसाल्ट भरपूर. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, बेसाल्टात टिकतं. आणि बेसाल्ट म्हणजे कोणता दगड? आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा. सह्याद्रीपासून निघालेला हा लाव्हाचा थर पूर्वेकडे साधारण आपल्या नागपुरापाशी येऊन संपतो. आम्ही हात लावून बघितला. ओळखीचा वाटला.

आता आत जाऊ.

पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४. अभिषेक १५ मे १६०५ रोजी, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते. पैसा मुख्यतः कोचीनचे कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्यश यांच्या मृत्युपत्रातला. त्यांचं स्मारक आत भिंतीशी आहे. लांबी सुमारे १८३ फूट, रुंदी ५५. पण आत शिरल्यावर ती मोठी वाटते, कारण मध्ये खांब नाहीत. एकच सलग दालन. हे मुद्दाम केलेलं आहे. जेझुइटांनी रोममध्ये जे आपलं मुख्य चर्च बांधलं, तेही असंच एका दालनाचं. कारण हा संघ प्रवचनकारांचा. मध्ये खांब आला की मागच्या माणसाला पाद्री दिसत नाही, नीट ऐकू येत नाही. आपल्या कीर्तनाच्या मंडपात खांबाआड बसलेल्यांना हे बरोबर कळेल.

प्रवचनाची जागा उजेडाच्या बाजूने भिंतीला टांगल्यासारखी आहे. लाकडाची, वर छत्र. तिच्या तीन अंगांवर येशू, शुभवर्तमानं लिहिणारे चौघे आणि चार मोठे धर्माचार्य कोरलेले आहेत. आम्ही मात्र खाली बघत राहिलो. तळाशी सात आकृत्या आहेत, आणि सगळा भार त्यांनी उचलून धरल्यासारखा दिसतो. आपल्या देवळात खांबाच्या माथ्यावर छताचा भार पेलणारे यक्ष असतात ना, पोट पुढे काढून, गाल फुगवून? तीच कामगिरी. गोव्यातल्या इतर काही चर्चांमध्ये तर अशा व्यासपीठांना खाली नागिणी कोरलेल्या आहेत, कमरेखाली वेटोळं असलेल्या. नकाशा युरोपातून आला असेल, पटाशी कुणाच्या हातात होती हे सांगायला नको.

आणि मग समोरची वेदी. डोळे दिपतात हो. खालपासून छतापर्यंत सोनं. पिळाचे खांब, त्यांवर वेली, पानं, देवदूतांची गुबगुबीत तोंडं, आणि मधे जवळपास दहा फुटांचे इग्नेशियस लोयोला, जेझुइट संघाचे संस्थापक. नजर वर. वर सूर्यासारख्या किरणांच्या मंडळात तीच तीन अक्षरं, आणि त्याहून वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आता 'बॉम जेझूस' म्हणजे बाळ येशू. चर्च बाळाच्या नावाचं. पण बाळ कुठे? इग्नेशियसच्या पायाशी, लहानसा. आमच्या वहिनी, म्हणजे बाहेर बसलेल्यांच्या सौभाग्यवती, हळूच म्हणाल्या, 'देवघरातल्या बाळकृष्णाएवढा आहे.' मूर्ती लहान पण घर त्याच्या नावाचं, हे त्यांना आमच्याआधी समजलं.

हे सोनं म्हणजे भरीव सोनं नव्हे. लाकूड कोरायचं. त्यावर सरस आणि पांढऱ्या मातीचे थर द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे. मग चिकट तांबड्या मातीचा पातळ हात. त्यावर सोन्याचा वर्ख, फुंकरीने उडेल इतका पातळ. तो वाळला की अकीकाच्या दगडाने घोटायचा. तांबड्या मातीमुळे सोन्याला ऊब येते; पांढऱ्यावर लावलं तर ते पिवळट दिसतं. इतकी मोठी वेदी, पण वजनाने सोनं थोडंच. रसायनशास्त्राचे आमचे मित्र असते तर त्यांनी हिशोबच मांडला असता. ते नेमके बाहेर.

आता इथे थोडं थांबून तत्त्वज्ञानाकडे वळतो, कारण एवढी सजावट का, हा प्रश्न हौसेचा नाही. सोळाव्या शतकात युरोपात मूर्तींवरून रक्त सांडलं. प्रॉटेस्टंट सुधारकांचं, विशेषतः कॅल्विनच्या अनुयायांचं म्हणणं, देव निराकार आहे, चर्चमधल्या प्रतिमा ही मूर्तिपूजा आहे. १५६६ साली नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चांत घुसून पुतळे फोडले, चित्रं फाडली. त्याच्या आधी तीन वर्षं, डिसेंबर १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शेवटच्या अधिवेशनात कॅथलिक बाजू पक्की केली होती. प्रतिमा ठेवाव्यात, त्यांचा मान राखावा. प्रतिमेच्या आत काही देवत्व आहे म्हणून नव्हे; प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोचतो, म्हणून. आणि निरक्षर माणूस चित्रांतून धर्म शिकतो, म्हणून. त्यानंतर कॅथलिक चर्चं जी सजली, ती या ठरावाच्या जोरावर. ते पिळाचे खांब आणि ती सोनेरी पानं म्हणजे वादातलं उत्तर आहे. समोरचा म्हणतो, भिंत कोरी ठेवा. हे म्हणतात, बघा, नाही ठेवत.

हा युक्तिवाद आपल्याला नवा वाटतो का? निर्गुणाचं मन धरता येत नाही म्हणून सगुण. गणपतीच्या मातीत आवाहन करायचं, दहा दिवसांनी विसर्जन करायचं. मातीला देव कुणीच म्हणत नाही, आणि दहा दिवस तिला मातीही कुणी म्हणत नाही. ट्रेंटच्या धर्माचार्यांना आपल्याकडच्या एखाद्या शास्त्र्याने हे समजावलं असतं तर त्यांना आपलाच मुद्दा ऐकल्यासारखा वाटला असता.

आणि आता ते साल. १५६३ मध्ये मूर्तीचं हे समर्थन. चार वर्षांनी, १५६७ मध्ये, त्याच चर्चच्या आशीर्वादाने साष्टीतल्या मूर्ती फोडल्या गेल्या. स्वतःच्या प्रतिमेसाठी जो भेद केला, प्रतिमा वेगळी आणि तिच्यामागचा देव वेगळा, तो भेद केळशीच्या शांतादुर्गेला दिला नाही. तिथे मूर्ती म्हणजे मूर्तीच, आणि तीही सैतानाची. नेदरलँड्समध्ये ज्यांच्या मूर्ती फुटत होत्या तेच गोव्यात फोडत होते. एक वर्षाचं अंतर. तर्कशास्त्रात याला विसंगती म्हणतात, आणि आम्ही चाळीस वर्षं ती फळ्यावर लिहून दाखवली. पण सत्तेच्या हातात विसंगती फार आरामात नांदते.

उजवीकडे फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. शव १५५४ साली मलाक्काहून गोव्यात आलं, या चर्चमध्ये ते १६२४ ला आणलं. त्याआधी दोनच वर्षं, १६२२ मध्ये, इग्नेशियस आणि झेवियर दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं होतं. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा. तिथल्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने तो भेट दिला. फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराने त्यावर दहाएक वर्षं काम केलं, आणि तो जहाजाने येऊन १६९८ ला इथे उभा राहिला. जोडायला माणूसही तिकडूनच आला होता. चौथऱ्यावर काशाच्या चार पाट्या आहेत, झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांच्या. फार तयारीचं काम आहे, यात शंका नाही.

पण वरची चांदीची पेटी बघा. ती १६३६–३७ मध्ये गोव्यातच घडली. कल्पना मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन पाद्र्याची. हा गृहस्थ त्याच १६३७ साली जपानात नागासाकीला मारला गेला. हात मात्र गोव्याच्या सोनारांचे. बत्तीस प्रसंग चांदीच्या पत्र्यावर उठवलेले. फ्लॉरेन्सचा राजा खाली आणि गोव्याचा सोनार वर, अशी ती रचना झाली आहे. कुणी ठरवून केली नसेल. आम्हाला बघून बरं वाटलं.

या पेटीची आणखी एक गोष्ट आपल्या इतिहासाला लागून आहे. नोव्हेंबर १६८३. छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली आणि शहराजवळच्या जुव्याचा किल्ला घेतला. व्हाइसरॉय काउंट आल्व्होर स्वतः परत घ्यायला गेला, मार खाऊन कसाबसा परतला. शहर वाचणं कठीण. तेव्हा तो इथे आला, पेटी उघडायला लावली, आणि आपला राजदंड त्या शवापाशी ठेवला. आता राज्य तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. तेवढ्यात शहाआलमची मोगल फौज येऊ लागली आणि महाराजांना वळावं लागलं. पोर्तुगीजांनी श्रेय संताला दिलं. पुढच्या काळात नवा गव्हर्नर आला की तो राजदंड इथूनच उचलत असे. आणि याच आल्व्होरने पुढच्याच वर्षी, १६८४ मध्ये, फर्मान काढलं की स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. कोकणी आजही आहे, हे आपण बघतोच.

आम्ही बाहेर आलो तेव्हा मित्र तिथेच होते. आम्ही उत्साहात वेदीबद्दल, वर्खाबद्दल, पेटीबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'ज्यांच्या पेटीचं तुम्ही कौतुक करता, त्यांनीच राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं होतं. १५४६ साली. माहीत आहे ना?'

माहीत होतं. खरं आहे ते. न्यायालय आलं १५६० मध्ये, झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्यात हिंदू, ज्यू कुळातले आणि सगळ्यात जास्त नवख्रिस्तीच भरडले गेले. घरात तुळस ठेवली, धोतर नेसलं, लग्नात जुनी गाणी म्हटली, एवढ्यावरून चौकशी. आणि गोव्याचा सामान्य माणूस, हिंदूसुद्धा, याच झेवियरला 'गोंयचो सायब' म्हणतो, ३ डिसेंबरला रांगेत उभा राहतो. दोन्ही खरं आहे. आमच्याकडे मित्राला द्यायला उत्तर नव्हतं, आणि आम्ही दिलंही नाही.

दुपारी गाडी करून आम्ही कवळ्याला निघालो, शांतादुर्गेला. तासाभराचा रस्ता. गाडीत गोष्ट निघाली फादर स्टीफन्सची. तीही सरळ नाही.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि बहुतेक आयुष्य साष्टीतच राहिला. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. ते चर्चसाठी जागा बघायला आले होते; गावाच्या देवळांचा विध्वंस ताजा होता. पाचांत रोदोल्फो आक्वाविवा होता, जो त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतला होता. सम्राटाशी ईश्वरावर वाद घालून सुखरूप आलेला माणूस, आणि कुंकळ्ळीला मारला गेला. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. त्या पाच जणांचे देह आणून पुरण्याचं काम ज्याने केलं, तो हा स्टीफन्स.

या माणसाने पुढच्या तीसएक वर्षांत काय करावं? तो मराठी शिकला. पोथीची मराठी, ओवीची मराठी. १६१६ साली राशोलला त्याचं पुराण छापलं गेलं, ज्याला आपण ख्रिस्तपुराण म्हणतो. जवळपास अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण, तेही रोमन लिपीत छापलेलं, कारण नागरी खिळे नव्हते. त्यात मराठीची जी स्तुती आहे ती आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली. ती कुणी लिहिली हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. पण पुराण लिहायची गरज का पडली, हे ग्रंथातच आहे. बाटलेल्या लोकांची तक्रार, की आमच्या जुन्या पोथ्या तुम्ही बंद केल्या, आता दुपारी वाचायला आम्हाला काय? तर हे पुराण म्हणजे हिसकावलेल्या पोथीच्या जागी दिलेली पोथी. भाषा त्याने प्रेमाने हाताळली यात आम्हाला शंका नाही. ओवीला प्रेमाशिवाय इतकी वळणं पडत नाहीत. आणि त्या प्रेमाची जागा आधी मोकळी केली गेली होती, यातही नाही.

मित्र खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, 'काय करायचं मग आपण? पाठ केलेलं विसरायचं?' आम्ही म्हटलं, 'नाही. फक्त दोन्ही एकदम पाठ ठेवायचं.' हे वाक्य तेव्हा आम्हाला फार बरं वाटलं होतं. आज तेवढं वाटत नाही. दोन्ही एकदम पाठ ठेवणं ज्याची देवी गेली त्याला जड जातं आणि आमच्यासारख्या बघ्याला सोपं जातं. आमचं कुलदैवत तुळजापूरला, तिला कुणी नदीपार नेलं नाही.

जाता जाता एक सांगतो. ज्या हातांनी चर्चं बांधली त्या हातांची भाषा आपल्या घरात अजून आहे. घमेलं, बिजागरी, चावी, पगार. हे शब्द पोर्तुगीजातून आले. आमच्या गल्लीत बांधकाम चालू असतं तेव्हा गवंडी जे ओरडतो त्यातला निम्मा सरंजाम तिकडचा. देवाधर्माचे शब्द थोडे आले, 'पाद्री' वगैरे. कामाचे जास्त.

कवळं. डोंगराच्या कुशीत देऊळ, पुढे तळी. देवी इथे १५६०च्या दशकात आली. आजचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या साहाय्याने झालेलं. मित्राने बाहेर चपला काढल्या, तळीवर पाय धुतले, आणि अंगणात उभे राहून वर बघितलं. आमचंही लक्ष तिकडे गेलं.

कळस नव्हता. म्हणजे विदर्भात, देशावर आपण देऊळ म्हटलं की जे शिखर डोळ्यांपुढे येतं ते नव्हतं. घुमट होता. भिंतीला लागून अर्धे खांब. कमानीच्या खिडक्या, ओळीने, सकाळी बघितल्या तशाच. आत मंडपात हंड्या-झुंबरं. दीपस्तंभाचे मजले एकावर एक, प्रत्येकाला कमानी, चर्चच्या घंटाघरासारखे. दीडशे वर्षांत फोंड्याकडच्या कारागिरांनी जे बघितलं होतं, जे कुणाकुणाचे आजे-पणजे नदीपलीकडे बांधून आले होते, ते त्यांनी देवीसाठी वापरलं. ज्यांनी देवी घालवली त्यांच्याच खिडक्या देवीच्या घराला. कुणाला यात अपमान वाटला नाही असं दिसतं. चांगली खिडकी ती चांगली खिडकी.

असंच आपल्याकडे उलट्या बाजूनेही झालं आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चांच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात ती टांगलेली आहे, भीमाशंकरला आहे. विजयाचं चिन्ह म्हणून नेल्या, हे उघड आहे. पण आज ती वाजवणारं पोर विजय म्हणून वाजवत नाही. देवाला उठवायला वाजवतं. ज्या वसईच्या दगडातून बॉम जेझूसचा दर्शनी भाग कोरला गेला, त्याच वसईच्या या घंटा.

दर्शन झालं. वहिनींनी ओटी भरली. मित्र मंडपात बराच वेळ बसले. मग उठून एका खांबापाशी गेले आणि त्याचा तळ, माथा, कमानीचं वळण असं बोटाने हवेत गिरवत राहिले. शास्त्राचा माणूस, मापं घेतल्याशिवाय चैन नाही. आम्ही काही बोललो नाही.

बाहेर प्रसादाचं खोबरं खाताना त्यांनी विचारलं, 'सकाळी तुम्ही खिडक्यांचे फोटो काढले का हो?'

काढले होते. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी समोरची खिडकी आणि फोनमधली खिडकी अशी दोनतीनदा बघितली. मग बोटाने फोटो पुढे सरकवत गेले. वेदी आली, ती चटकन सरकवली. पेटी आली. तिथे थांबले, बोटांनी मोठी केली.

'गोव्याच्या सोनाराचं म्हणालात ना हे?'

'हो. १६३६.'

'नाव आहे का त्याचं कुठे?'

आम्ही म्हटलं, 'पेटीपाशी ज्यांची नावं सांगतात ती पैसे देणाऱ्याची आणि कल्पना ज्याची त्याची. सोनाराचं आम्हाला कुणी सांगितलं नाही.'

'नाहीच सांगणार,' ते म्हणाले, आणि फोटो आणखी मोठा करून बघत राहिले. गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला तरी त्यांनी फोन परत दिला नव्हता.